विद्यार्थ्याची क्लॅरिनेट : नाव, सूर आणि ओळख

वाङ्मयाच्या अभ्यासकांना एका पाश्चात्त्य सुषिरवाद्याच्या निवडीशी काय देणेघेणे, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण जुन्या पोथीसमोर बसलेल्या संशोधकाला जे प्रश्न पडतात, नेमके तेच प्रश्न शाळेच्या बँडसाठी जुनी क्लॅरिनेट पारखणाऱ्या शिक्षकाला पडतात. वर कोरलेले नाव खरे कोणाचे? वस्तू कोणत्या काळातली? नंतर कोणता भाग बदलला गेला? आणि यातले काय आजच्या वाचकाच्या, किंवा वादकाच्या, उपयोगाचे? फरक इतकाच, की पोथीची ओळख चुकली तर एखादा शोधनिबंध बिघडतो. वाद्याची ओळख चुकली तर दहा-अकरा वर्षांचे एखादे मूल 'आपल्याला संगीत येत नाही' असे मानून कायमचे दूर जाते. म्हणून या वाद्याचा इतिहास त्याच्या ओळखीच्या अंगाने मांडण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

आरंभापासूनच या वाद्याच्या इतिहासात नाव आणि वस्तू यांचा मेळ सैल आहे. क्लॅरिनेटच्या शोधाचे श्रेय न्युरेम्बर्ग येथील वाद्यकार योहान क्रिस्टोफ डेन्नर (१६५५–१७०७) याला देण्याची प्रथा आहे. तिचा मुख्य आधार म्हणजे डोपेलमायर याने न्युरेम्बर्गच्या गणिती व कारागिरांविषयी लिहिलेला ग्रंथ, आणि तो प्रसिद्ध झाला १७३० मध्ये; म्हणजे डेन्नरच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी. दरम्यान १७१० मध्ये त्याच्या मुलाकडे, याकोब डेन्नरकडे, नोंदवलेल्या वाद्यांच्या मागणीत 'क्लॅरिनेट' हा शब्द आढळतो. बाप की लेक, हा वाद आपल्याकडील कित्येक कर्तृत्वविषयक वादांसारखाच आहे. नावाचा उगमही असाच उसना. त्या काळी तुतारीच्या उंच स्वरांच्या वादनाला 'क्लॅरिनो' म्हणत. या नव्या नळीचे उंच स्वर तसे वाटले म्हणून ती 'छोटी क्लॅरिनो' झाली.

वाद्याची खरी ओळख मात्र त्याच्या भौतिक स्वभावात आहे. आपली बासरी ही दोन्ही टोकांनी उघडी नळी, सनई ही खाली रुंदावत जाणारी शंक्वाकृती नळी. दोन्हींत फुंकीचा जोर बदलला की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेट ही बहुतांशी एकसारख्या व्यासाची नळी असून रीडच्या बाजूने ती ध्वनिदृष्ट्या बंद असते. त्यामुळे मागच्या बाजूची चावी दाबून वरचा स्वर काढला, तर षड्जाच्या जागी वरचा षड्ज येत नाही. वरच्या सप्तकातला पंचम येतो. या एका गुणधर्मामुळे क्लॅरिनेटचा पल्ला विलक्षण मोठा झाला आणि तिची बोटांची रचना अवघडही झाली. कारण दोन पट्ट्यांमधले अंतर भरून काढण्यासाठी बोटांच्या छिद्रांखेरीज चाव्या वाढवाव्या लागल्या. खालची पट्टी संपून वरची सुरू होते त्या सांध्याला इंग्रजीत 'ब्रेक' म्हणतात. तेथे जवळजवळ सर्व छिद्रे मोकळी असलेल्या स्वरावरून एका क्षणात सर्व छिद्रे बंद असलेल्या स्वरावर जावे लागते. नवशिक्याची खरी परीक्षा येथेच होते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

डेन्नरच्या वाद्याला दोनच चाव्या होत्या. मोत्झार्टने १७९१ मध्ये अँटोन श्टाडलरसाठी आपली क्लॅरिनेट-रचना लिहिली, तेव्हाही चाव्या मोजक्याच होत्या आणि वादक वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी वेगवेगळ्या लांबीची वाद्ये बाळगत. १८१२ मध्ये इवान म्युलर याने १३ चाव्यांची क्लॅरिनेट पॅरिसच्या संगीतविद्यालयापुढे ठेवली. एकाच वाद्यावर सर्व पट्ट्या वाजवता येतील असा त्याचा दावा होता. परीक्षक-समितीने ती नाकारली. कारण विचार करण्याजोगे आहे : निरनिराळ्या लांबीच्या क्लॅरिनेटांचा निरनिराळा नाद रचनाकारांना हवा असतो, तो एकाच वाद्याने पुसला जाईल, असे समितीचे म्हणणे होते. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या वादाशी परिचित असलेल्या वाचकांना या युक्तिवादात काहीतरी ओळखीचे सापडेल. समितीचा आक्षेप खोटा नव्हता, तरी पुढचा काळ म्युलरचाच ठरला.

त्यानंतर वाट फुटली. पॅरिसमध्ये अध्यापक यासिंत क्लोझे आणि वाद्यकार लुई-ऑग्युस्त बफे यांनी १८३९ ते १८४४ या काळात कड्यांच्या यंत्रणेची नवी क्लॅरिनेट घडवून तिचे एकाधिकारपत्र घेतले. तिला जग 'बेम पद्धती' म्हणून ओळखते. गंमत अशी, की थिओबाल्ड बेम याने बासरीसाठी केलेल्या कड्यांच्या यंत्रणेवरून ही कल्पना घेतली गेली एवढेच. क्लॅरिनेट त्याने घडवली नाही. दुसरीकडे म्युलरच्या वाद्यातच सुधारणा करीत ब्रुसेल्सच्या युजेन आल्बेर याने घडवलेली वाद्ये इंग्लंड-अमेरिकेत इतकी मान्य झाली, की त्या साध्या पद्धतीलाच 'आल्बर्ट पद्धती' हे नाव पडले. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ-वादकांपैकी जॉनी डॉड्स, जिमी नून यांच्यासारखे थोर वादक याच पद्धतीवर वाजवत. जर्मन परंपरेत ऑस्कर ओएलर याची रचना रूढ झाली. म्हणजे 'क्लॅरिनेट' या एका नावाखाली बोटांच्या किमान तीन भिन्न व्याकरणांची वाद्ये बाजारात आली. बाहेरून ती सख्खी भावंडे दिसतात. एकीवर शिकलेला हात दुसरीवर अडखळतो.

व्याकरणाचा घोळ होता तसा उच्चारांचाही, म्हणजे मूळ सुराचा. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात स्कुटारी येथे राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात ब्रिटिश पलटणींच्या बँडांनी राष्ट्रगीत वाजवले, तेव्हा प्रत्येकाची पट्टी व रचना वेगळी निघाली आणि मोठी शोभा झाली, अशी हकीकत सांगितली जाते. लष्करी संगीताच्या शिक्षणासाठी १८५७ मध्ये नेलर हॉल ही संस्था निघाली, तिच्या मुळाशी ही हकीकत असल्याचे मानतात. (२०२१ मध्ये लष्कराने ती वास्तू सोडली.) पण सूर एक करण्याचा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ रेंगाळला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश बँडांचा मूळ 'ए' स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा होता. त्याला 'हाय पिच' म्हणत. आजचा ४४० कंपनांचा 'ए' हा १९३९ च्या लंडन परिषदेत आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाला. या दोहोंतला फरक पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांतील अंतराच्या जवळजवळ निम्मा भरतो. हाय पिचची क्लॅरिनेट आजच्या वाद्यवृंदात सुरात येऊच शकत नाही. सांधे थोडे ओढून नळी लांब करता येते, पण छिद्रांमधली अंतरे बदलत नाहीत. एक स्वर जुळवला की दुसरा बिघडतो.

आता 'विद्यार्थ्याची क्लॅरिनेट' या कल्पनेकडे वळू. ही कल्पना प्रामुख्याने विसाव्या शतकाची आहे. त्यापूर्वी स्वस्त वाद्ये होती, जुनी वाद्ये होती. शिष्य गुरूने दिलेले वाद्य वाजवी. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत शालेय बँडांची चळवळ फोफावली. १९२३ मध्ये शिकागो येथे शालेय बँडांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि तिच्यामागे वाद्य-उत्पादकांचा पुढाकार होता हे विसरता येत नाही. लष्करी बँडांची मागणी ओसरली होती. शाळा हा नवा ग्राहक होता. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव या उद्योगाचे केंद्र बनले. शालेय बँडमध्ये क्लॅरिनेटचे स्थान वाद्यवृंदातील व्हायोलिनसारखे. एकेका शाळेला ती डझनावारी लागत. शिक्षण आणि व्यापार यांची ही जोडी एकमेकांना घडवीत गेली. आपल्याकडे क्रमिक पुस्तकांच्या बाजारपेठेने मराठी गद्याचे जे केले, त्याच्याशी ही प्रक्रिया ताडून पाहण्यासारखी आहे.

डझनावारी वाद्ये हवीत, तर लाकूड पुरणार कसे? चांगल्या क्लॅरिनेटचे काळेभोर लाकूड पूर्व आफ्रिकेतून येते. स्वाहिली भाषेत त्या झाडाला 'म्पिंगो' म्हणतात; टांझानिया व मोझांबिक येथे ते आढळते. वनस्पतिशास्त्रात ते डाल्बर्जिया या कुळनामाखाली येते, म्हणजे आपल्या शिसवीचे ते सख्खे नातेवाईक. पाण्यात बुडेल इतके ते जड असते आणि अतिशय सावकाश वाढते. डाल्बर्जियाच्या सर्व प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यांतून २०१९ मध्ये सूट मिळाली. लाकडाला पर्याय शोधण्याची धडपड मात्र फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गंधक घालून कठीण केलेले रबर, म्हणजे एबोनाइट, वापरात आले. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत धातूच्या क्लॅरिनेटांची लाट आली. त्यांतल्या बोस्टनच्या 'सिल्वा-बेट'सारख्या काही उत्तम होत्या, बऱ्याच सुमार. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आले. जॉर्ज बंडी या सेल्मर कंपनीच्या अमेरिकी प्रमुखाच्या नावाची 'बंडी' क्लॅरिनेट रेझोनाइट नामक प्लॅस्टिकची असे, आणि अमेरिकेतल्या असंख्य मुलांची बोटे तिच्यावर फिरली. विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे १९४६ मध्ये व्हिटो पास्कुची याने लेब्लांक कंपनीची अमेरिकी शाखा उभी केली. महायुद्धात तो ग्लेन मिलरच्या बँडमध्ये वाद्यदुरुस्ती करीत असे. त्याच्या नावाची 'व्हिटो' क्लॅरिनेटही अशीच घरोघरी पोचली.

येथे नावांचा सर्वांत मोठा गुंता सुरू होतो. फ्रान्समधील ला कुत्यूर-बुसे, जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन, बोहेमियातील ग्रास्लित्स अशा वाद्यकारांच्या गावांतून साधी वाद्ये घाऊक भावाने निघत आणि त्यांवर दुकानदाराला हवे ते नाव ठोकले जाई. या व्यवहाराला 'स्टेन्सिल' म्हणतात. परिणामी एकाच कारखान्याची क्लॅरिनेट दहा नावांनी, आणि एकाच नावाच्या क्लॅरिनेटा दहा कारखान्यांतून आलेल्या आढळतात. भारदस्त फ्रेंच नाव कोरलेले वाद्य पॅरिसच्या वाऱ्यालाही उभे राहिलेले नसते. 'इव्हेट' या नावाच्या काही वाद्यांवर 'बफेच्या पुरस्काराने' अशा अर्थाचे शब्द आहेत. सावध वाचक त्या शब्दांतच ओळखतो, की हे वाद्य बफेच्या कारखान्यात घडलेले नाही. संताच्या नाममुद्रेने येणारा प्रत्येक अभंग त्या संताचा नसतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटू नये.

मग ओळख पटवावी कशी? पाठचिकित्सेचा नियम येथेही लागू पडतो : बहिरंगावरील विधानापेक्षा अंतरंगातील पुरावा बलवत्तर. अनुभवी बँडशिक्षक व दुरुस्तीकार ज्या क्रमाने वाद्य पाहतात, तो क्रम आम्हांला एखाद्या संपादनपद्धतीइतका शिस्तशीर वाटतो.

प्रथम लांबी. शालेय बँडला लागते ती बी-फ्लॅट क्लॅरिनेट. माउथपीस वगळता तिची लांबी साधारण ६० सेंटिमीटर असते. त्याहून तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असेल तर ती बहुधा 'ए' पट्टीची, वाद्यवृंदातली. दीड-दोन सेंटिमीटर आखूड असेल तर हाय पिचची शंका घ्यावी. काही वाद्यांवर इंग्रजी 'एच पी' किंवा 'एल पी' ही अक्षरे कोरलेली असतात. एवढ्या दोन अक्षरांवर त्या वाद्याचे भवितव्य ठरते. हाय पिचचे वाद्य कितीही सुंदर असले तरी त्याची जागा संग्रहालयात.

दुसरी गोष्ट पद्धती. वाद्य उलटे करून अंगठ्याचे छिद्र पाहावे. त्याभोवती धातूचे कडे असेल तर वाद्य बहुधा बेम पद्धतीचे. उजव्या करंगळीसाठी चार आणि डाव्या करंगळीसाठी तीन चाव्या असतील तर खात्री पटते. नेहमीच्या बेम क्लॅरिनेटला १७ चाव्या व ६ कडी असतात. करंगळीसाठी दोन-दोनच चाव्या आणि त्यांत फिरते रूळ असतील तर ते साध्या किंवा आल्बर्ट पद्धतीचे. त्या वाद्याचा मान कमी नाही. पण वर्गातील बाकी मुले बेमचे पुस्तक वाचत असताना एकट्या मुलाला दुसरी लिपी देणे हा अन्याय आहे.

तिसरी गोष्ट द्रव्य. नळीच्या आत उजेड धरला असता रेषा दिसल्या तर लाकूड. पृष्ठभाग हिरवट-तपकिरी पडला असेल आणि बोटाने घासल्यावर रबर-गंधकाचा वास आला तर एबोनाइट. यांपैकी काहीच नसेल तर प्लॅस्टिक. लाकूड म्हणजे श्रेष्ठ आणि प्लॅस्टिक म्हणजे हीन, हा समज येथे बाजूला ठेवावा. हवेतील ओलावा व उष्णता झपाट्याने बदलली तर लाकूड तडकते. मैदानात, उन्हापावसात वाजवणाऱ्या मुलाच्या हाती चांगले प्लॅस्टिक अधिक विश्वासू ठरते.

नावाची पाळी चौथी. नाव वाचावे, पण त्याबरोबर देशाचा शिक्काही वाचावा. अमेरिकेत आयात मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती १८९० च्या कायद्याने आली. तेव्हापासून हा शिक्का कालनिर्णयाचे साधन बनला आहे. 'चेकोस्लोव्हाकिया' हे नाव १९१८ पूर्वीचे असू शकत नाही. 'पश्चिम जर्मनी' म्हटले की काळ १९४९ ते १९९०. ग्रास्लित्स गावाचेच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मनभाषक कारागिरांना हाकलण्यात आले. कोलर्टसारखी घराणी पश्चिमेकडे गेली, आणि त्याच गावात, आता क्रास्लित्से या चेक नावाखाली, १९४५ मध्ये 'अमाती' हा उद्योग उभा राहिला. एका साध्या शालेय क्लॅरिनेटच्या शिक्क्यात निर्वासितांचा असा इतिहास दडलेला असतो. प्रसिद्ध कारखान्यांच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत; बहुतेक नामांकित लाकडी वाद्यांत वरच्या व खालच्या नळीवर एकच क्रमांक असतो. क्रमांक भिन्न असतील तर दोन वाद्यांचे जोडकाम झाले असे समजावे, पोथीतील क्षेपकासारखेच.

शेवटी प्रकृती. नळीला तडा नाही ना, सांध्यांचे बूच शाबूत आहे ना, चाव्यांचे पॅड बसके आहेत का, हे पाहावे. नळीचे खालचे टोक तळहाताने बंद करून, सर्व छिद्रे झाकून, वरून हवा ओढावी. पोकळी क्षणभर टिकली पाहिजे. टिकली नाही तर कोठेतरी गळती आहे. स्वस्त ओतीव धातूच्या चाव्या वाकण्याऐवजी मोडतात, हेही जाणावे. माउथपीसच्या कडेला टवका उडालेला नसावा आणि सुरुवातीचे रीड दोन ते अडीच क्रमांकाचे, म्हणजे मऊ, असावे.

आता मघाचा 'ब्रेक' आठवावा. त्या सांध्यावर सर्व छिद्रे एकाच वेळी बंद व्हावी लागतात. एखादे पॅड किंचित गळत असेल, तर खालच्या पट्टीत ते कदाचित जाणवणार नाही; ब्रेक ओलांडताच वाद्य किंचाळेल. शिक्षक म्हणेल, बोटे नीट ठेव. मूल बोटे आणखी दाबून धरील, वाद्य आणखी किंचाळेल. दोष वाद्याचा की आपला, हे ठरवण्याची कसोटी त्या मुलाजवळ नसते. उस्तादाजवळ ती असते. तो दोन फुंकांत गळती ओळखतो, ओठांनी सूर सांभाळून घेतो, वाकडे वाद्य सरळ वाजवतो. म्हणून आम्हांला वाटते, की सदोष वाद्य उस्तादाला परवडते, विद्यार्थ्याला परवडत नाही. 'विद्यार्थ्याचे' हे विशेषण बाजारात 'दुय्यम' या अर्थाने वापरले जाते. वस्तुतः त्याचा अर्थ 'अधिक प्रामाणिक' असा व्हायला हवा. अशा वाद्याचा नाद थोर नसला तरी चालेल, पण वाजवणाऱ्याची चूक आणि स्वतःची चूक यांची त्याने गल्लत करू नये.

या वाद्याचा मराठी माणसाशी एक जुना संबंध आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेणारे तंजावरचे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) पाश्चात्त्य संगीताचेही रसिक होते आणि त्यांच्या दरबारी पाश्चात्त्य धर्तीचा बँड होता. तंजावरच्या परिसरातूनच पुढे एकोणिसाव्या शतकात क्लॅरिनेट नृत्याच्या साथीत आणि तेथून कर्नाटक संगीतात शिरली. ए. के. सी. नटराजन यांच्यासारख्या वादकांनी तिला मैफलीचे वाद्य म्हणून प्रतिष्ठा दिली. येथे ओळखीच्या कसोट्या उलटतात. गमकासाठी बोट छिद्रावरून हळूहळू सरकवावे लागते. त्या कामी कड्यांची गर्दी अडचणीची, साध्या पद्धतीची मोकळी छिद्रे सोयीची. शालेय बँडसाठी जे कालबाह्य ठरले, ते वेगळ्या संगीतात गुण ठरू शकते. म्हणजे 'चांगली क्लॅरिनेट कोणती?' हा प्रश्न 'कोणासाठी आणि कशासाठी?' हे विचारल्याशिवाय सुटत नाही.

अभिजात ग्रंथ, प्रमाण पाठ, दर्जेदार आवृत्ती असे शब्द आपण वर्गात सहज वापरतो. विद्यार्थ्याच्या हाती मात्र बहुधा स्वस्त, मुद्रणदोषांनी भरलेली आवृत्ती देतो आणि अर्थ लागला नाही की त्याच्या आकलनाला बोल लावतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, ते वाचणाऱ्याच्या वाटेतला दोष दूर व्हावा म्हणून. बँडच्या खोलीत बसून एखादे गळके पॅड बदलणारा शिक्षक त्याच जातीचे काम करीत असतो. त्याचे नाव कोणत्याही नळीवर कोरले जात नाही. पण पुढच्या तासाला ते मूल ब्रेक ओलांडते.